न्याहारीचा नवा पाहुणा : अ‍ॅव्होकाडो-अंड्याचा टोस्ट

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नवा पदार्थ येऊन उभा राहिला कीं घरांत दोन तट पडतात, हा अनुभव जुनाच आहे. तरुण मंडळी त्याचा हात धरून त्याला आंत आणूं पाहतात. वडीलधारीं माणसें आधीं त्याचें कुळगोत्र विचारतात. गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील उपाहारगृहांतून आणि मोबाईलवरील चित्रफितींतून असाच एक पदार्थ आपल्या घरांकडे येऊं लागला आहे. भाजलेल्या पावाच्या कापावर अ‍ॅव्होकाडो नांवाच्या फळाचा हिरवट गर पसरावयाचा, त्यावर एक अंडें ठेवावयाचें, आणि मीठ-मिरपूड भुरभुरून खावयाचें, एवढाच तो प्रकार. परंतु त्याच्या मागोमाग ‘आरोग्यदायक’ हें विशेषण येतें, उपाहारगृहांत त्याची किंमतही त्या विशेषणास शोभेल अशीच असते, आणि अंड्याचें नांव निघतांच घरांतील एखाद्या तरी कपाळावर आठी पडते. तेव्हां हा पाहुणा आहे तरी कोण, त्याच्या आरोग्याच्या बढाईंत तथ्य किती, आणि एकत्र कुटुंबांत कोणाचेंही मन न दुखवितां तो घरच्या घरीं कसा करावा, याचा विचार आज आम्हीं योजिला आहे.

पाहुण्याचें कुळगोत्र

अ‍ॅव्होकाडो हें मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतील झाड. तेथील नाहुआत्ल भाषेंत त्याच्या फळास ‘आवाकात्ल’ म्हणत. स्पॅनिश लोकांनीं त्याचें ‘आग्वाकाते’ केलें, आणि इंग्रजांच्या तोंडीं तें अ‍ॅव्होकाडो झालें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर तें आपणांस अगदींच परकें नाहीं. मसाल्याच्या डब्यांतील दालचिनी व तमालपत्र हीं ज्या कुळांतलीं, आणि ज्या झाडापासून कापूर काढीत तें झाड ज्या कुळांतलें, त्याच कुळांत हेंही मोडतें.

आज जगाच्या बाजारांत काळपट व खरबरीत सालीची ‘हास’ ही जात सर्वांत अधिक खपते. तिची कथा मौजेची आहे. कॅलिफोर्नियांत ला हाब्रा हाइट्स येथें रुडॉल्फ हास नांवाचा एक टपालवाला राहत असे. १९२६ सालाच्या सुमारास त्यानें लावलेल्या एका बीपासून एक रोप उगवलें. त्यावर दुसऱ्या जातीचें कलम बांधण्याचा त्याचा विचार होता; पण कलम कांहीं केल्या धरेना. शेवटीं तें झाड तसेंच वाढूं दिलें, आणि त्याला आलेलें फळ खाणारांस फार आवडलें. १९३५ सालीं हासनें त्या जातीचें पेटंट घेतलें. मूळ झाड २००२ सालीं मेलें. परंतु देशोदेशींच्या बागांतील ‘हास’चीं झाडें कलमांच्या परंपरेनें त्या एकाच झाडाचा विस्तार होत.

पाव आणि अ‍ॅव्होकाडो यांची सांगड कोणीं प्रथम घातली हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत या फळास ‘पाल्ता’ म्हणतात, व पावावर पाल्ता कुसकरून खाणें ही तेथील घरगुती चाल आहे. उपाहारगृहांतील टोस्टाचें श्रेय मात्र बहुधा बिल ग्रेंजर या ऑस्ट्रेलियन पाकतज्ज्ञास दिलें जातें. त्यानें १९९३ सालीं सिडनी शहरांत आपलें उपाहारगृह उघडलें, आणि तेथील पदार्थांच्या यादींतून हा टोस्ट जगभर गेला. ग्रेंजर २०२३ सालीं वारला.

आतां, परदेशचें फळ आपणांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, त्यांनीं एकादशीचें ताट एकदां नीट न्याहाळावें. बटाटा अमेरिकेंतला, रताळें अमेरिकेंतलें, शेंगदाणा अमेरिकेंतला, मिरचीही तेथलीच. आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही तेथूनच आलेला. वर्षांतील ज्या दिवशीं आपण आहारासंबंधीं सर्वांत अधिक सोवळे असतों, त्याच दिवशीं आपलें बहुतेक ताट अमेरिकेचें असतें! खुद्द ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहा-बिस्किटांच्या प्रसंगावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें. आज त्याच पुण्यांत चहा-बिस्किटांवांचून कोणाची सकाळ उजाडत नाहीं. तात्पर्य, परकेपणा हा काळाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न पदार्थाच्या गुणाचा आणि आपल्या गरजेचा.

गुण किती, बढाई किती

अ‍ॅव्होकाडोच्या १०० ग्रॅम गरांत सुमारें १६० उष्मांक, १५ ग्रॅम स्निग्धांश, ७ ग्रॅम चोथा आणि अवघीं २ ग्रॅम प्रथिनें असतात. कर्नाटकांत त्यास ‘बेण्णे हण्णु’ म्हणजे लोण्याचें फळ म्हणतात, तें उगीच नव्हे. त्यांतील बराचसा स्निग्धांश ऑलिव्हच्या तेलांत असतो त्या प्रकारचा आहे. लोणी-तुपांतील घट्ट स्निग्धांशाच्या जागीं असा स्निग्धांश आला, तर रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. येथें ‘जागीं’ या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. लोण्याच्या जागीं हा गर आला तर लाभ. लोण्याच्या जोडीला आला तर नुसता भार. उपाहारगृहांत पाव लोण्यांत परतून त्यावर गराचा जाड थर देतात व वर चीज किसतात. त्या पदार्थास आरोग्यदायक म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

अंड्याचा गुण निराळा. ५० ग्रॅम वजनाच्या एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम उत्तम प्रतीचीं प्रथिनें, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ उष्मांक असतात. त्याच्या पिवळ्या बलकांत सुमारें १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतें, म्हणून पुष्कळ वर्षें डॉक्टर लोक अंड्याकडे संशयानें पाहत. दिवसाला ३०० मिलिग्रॅमांहून अधिक कोलेस्टेरॉल आहारांत नसावें, हा जुना आंकडा अमेरिकन सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शनांतून २०१५ सालच्या आवृत्तीपासून गळला. कारण रक्तांतील कोलेस्टेरॉलवर अन्नांतील कोलेस्टेरॉलपेक्षां घट्ट स्निग्धांशाचा परिणाम अधिक होतो असें दिसून आलें. निरोगी माणसानें दिवसाला एक अंडें खाण्यास सामान्यतः हरकत नाहीं. मधुमेह किंवा हृदयविकार असणारांनीं मात्र आपल्या डॉक्टरांस विचारून प्रमाण ठरवावें.

बी-१२ या जीवनसत्त्वासंबंधीं दोन शब्द येथेंच सांगणें इष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील संशोधकांनीं १९९३ सालापासून आसपासच्या खेड्यांतील मातांच्या आहाराचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यांत बहुसंख्य मातांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी आढळलें. शाकाहारी घरांनीं याची दखल घेतलीच पाहिजे. परंतु ‘म्हणून अंडीं खा’ एवढाच निष्कर्ष काढणें बरोबर नव्हे. अंड्यांतील बी-१२ शरीरांत थोडेंच शोषलें जातें. दुधांतील व दह्यांतील त्याहून चांगलें शोषलें जातें. अंडें न खाणारांनीं रोजचें दूध-दही सोडूं नये, आणि थकवा किंवा हातापायांस मुंग्या अशीं लक्षणें असल्यास रक्त तपासून घ्यावें.

आतां एका टोस्टाचा हिशेब मांडूं. कणकेच्या पावाचा एक काप, ५० ग्रॅम गर आणि एक अंडें मिळून सुमारें २३० उष्मांक, १० ते ११ ग्रॅम प्रथिनें आणि ५ ग्रॅम चोथा होतो. शाळेंत वा कचेरींत जाणाऱ्या माणसाची ही बरी न्याहारी आहे. सोबत एक फळ व पेलाभर दूध असावें. हेंच मैद्याच्या दोन जाड कापांवर अख्खें फळ पसरून केलें, तर उष्मांक सहज दुप्पट होतात. पदार्थ तोच, गुण निराळा. फरक केवळ मापाचा.

फळ, पाव व अंडीं यांची निवड

अ‍ॅव्होकाडो झाडावर तयार होतो, पण पिकतो मात्र तोडल्यावर. म्हणून बाजारांत तो बहुधा दगडासारखा टणक मिळतो, व नवखीं माणसें त्याच दिवशीं तो चिरून निराश होतात. हापूस आंब्याची आढी लावणाऱ्या आपल्या लोकांस यांतलें मर्म सांगावयास नको. टणक फळ कागदाच्या पिशवींत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवावें. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळें तें तीन-चार दिवसांत पिकतें. कच्चें फळ फ्रीजमध्यें ठेवूं नये, कारण थंडींत पिकणें खोळंबतें. पिकल्यावर मात्र दोन-तीन दिवस तेथें ठेवण्यास हरकत नाहीं. देंठाजवळ अंगठ्यानें हलकेंच दाबून पाहावें. किंचित् दबलें तर फळ तयार, खड्डा पडला तर उतरलें. ‘हास’ जातीचें फळ पिकल्यावर काळपट होतें; पण कूर्ग, वायनाड व निलगिरी या भागांतून येणारीं पुष्कळ फळें पिकल्यावरही हिरवींच राहतात, तेव्हां रंगावर विसंबूं नये. हीं हिरव्या सालीचीं फळें आकारानें मोठीं व कांहींशीं पाणचट असतात, पण त्यांत स्निग्धांशही कमी असतो.

पाव घेतांना वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचावीं. घटकांत पहिलें नांव मैद्याचें असेल, तर पावाचा रंग कितीही तपकिरी असो, तो मैद्याचाच पाव समजावा. तो रंग जळक्या साखरेचाही असूं शकतो. अख्ख्या गव्हाचें पीठ पहिल्या क्रमांकावर असलेला पाव घ्यावा. तो न मिळाल्यास ज्वारीची शिळी भाकरी तव्यावर कडक करून घेतली तरी तिजवर हा गर फार रुचकर लागतो.

अंडें पाण्यांत सोडून पाहावें. ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें. जुनें उभें राहतें, कारण आंतील हवेची पोकळी वाढलेली असते. तरंगणारें अंडें टाकून द्यावें.

कृति

चार माणसांसाठीं साहित्य : कणकेच्या पावाचे ४ काप, अ‍ॅव्होकाडोचा २०० ग्रॅम गर (एक मोठें किंवा दोन लहान फळें), ४ अंडीं, लिंबाचा रस २ लहान चमचे, मीठ पाव चमचा, ताजी मिरपूड, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, आणि आवडत असल्यास एक लहान कांदा व एक टोमॅटो.

प्रथम अंडीं उकडावीं. लहान पातेल्यांत अंडीं बुडतील इतकें पाणी उकळूं द्यावें, व चमच्यानें अलगद एकेक अंडें आंत सोडावें. ७ मिनिटांत बलक मऊ राहतो. १० ते १२ मिनिटांत पुरता घट्ट होतो. घड्याळ पाहून तीं लगेच थंड पाण्यांत टाकावीं. अंडें फार वेळ उकडल्यास बलकाभोंवतीं हिरवट कडें दिसूं लागतें. पांढऱ्या बलकांतील गंधक व पिवळ्यांतील लोह यांच्या संयोगानें तें उत्पन्न होतें. त्यांत अपाय नाहीं, पण रुचि व रूप दोन्ही उणावतात.

मग फळ घ्यावें. येथें एक इशारा देणें आम्ही आवश्यक समजतों. फळ तळहातावर धरून त्यांतील बी सुरीच्या टोंकानें उचकटण्याची रीत चित्रफितींतून दाखवितात. तिच्यामुळें हात कापून घेणारे इतके लोक रुग्णालयांत येऊं लागले कीं, २०१७ सालीं ब्रिटनमधील शल्यवैद्यांनीं जाहीर इशारा दिला. फळ पाटावर ठेवावें, सुरी बीपर्यंत नेऊन उभी सभोंवतीं फिरवावी, दोन्ही भाग उलटसुलट पिळून सुटे करावे, व बी चमच्यानें काढावी. गरही चमच्यानेंच निघतो.

गर वाडग्यांत घेऊन त्यावर लगेच लिंबाचा रस पिळावा. चिरलेलें वांगें किंवा सफरचंद हवेनें काळें पडतें तसाच हाही पडतो. लिंबाच्या आंबटपणानें ती क्रिया मंदावते. मीठ घालून कांट्यानें ओबडधोबड कुसकरावा. अगदीं लगदा करूं नये. त्यांत बारीक चिरलेली मिरची व कोथिंबीर मिसळावी, आणि हवा असल्यास कांदा. उरलेल्या फळाच्या फांकेस लिंबू लावून ती घट्ट झांकून फ्रीजमध्यें ठेवावी व दुसऱ्या दिवशीं संपवावी. फांक पाण्यांत बुडवून ठेवण्याची युक्ति हल्लीं सांगतात. ती टाळावी, कारण सालीवरील जंतु पाण्यांत वाढण्याचा संभव असतो.

पाव सर्वांत शेवटीं भाजावा. कोरड्या तव्यावर मंद आंचेवर दोन्ही बाजूंनीं तो खरपूस व कडक होऊं द्यावा. तेल-लोणी नको, कारण स्निग्धांश गरांत आहेच. जेवणारा पाटावर किंवा मेजाशीं बसल्यावरच गर पसरावा, नाहींतर पाव ओला होऊन त्याची मजा जाते. वर टोमॅटोच्या पातळ चकत्या, त्यावर सोलून चिरलेलें अंडें, आणि शेवटीं मिरपूड.

एक घर, दोन रीती

आतां अवघड विषयाकडे वळूं. पुष्कळ घरांत अंडें चालत नाहीं. तीं घरें आपल्या नियमानें सुखी असल्यास आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु कांहीं घरांत असें दिसतें कीं, मुलगा व नातवंडें बाहेर जाऊन अंडीं खातात, घरांतील वडिलांस तें ठाऊक असतें, आणि दोन्ही बाजू न कळल्याचें सोंग करितात. अंड्यानें घराचें जें नुकसान व्हावयाचें तें होवो वा न होवो, या सोंगानें मात्र खचित होतें. मुलांस लहानपणींच दोन तोंडांनीं बोलण्याची संवय लागते.

आमची सूचना अशी कीं, गोष्ट उघडपणें बोलून ठरवावी. वडिलांची संमति असेल तरच अंडीं घरांत आणावीं. त्यांसाठीं एक लहान पातेलें, एक चमचा व एक ताटली वेगळी ठेवावी. जमल्यास गॅलरींत विजेची लहान शेगडी असावी. उकडलेल्या अंड्याचा येथें एक मोठा गुण दिसतो : तें कवचांतच शिजतें, तेल उडत नाहीं, वास फारसा पसरत नाहीं, आणि स्वयंपाकाच्या इतर भांड्यांस त्याचा स्पर्श होत नाहीं. ज्याला अंडें हवें त्यानें तें स्वतः उकडावें व भांडीं स्वतः घासावीं. सासूबाईंचा नियम आणि मुलांची आवड या दोहोंचा भार एकट्या सुनेवर पडूं नये, हें आम्ही मुद्दाम सांगतों. संमति नसेल, तर तरुणांनीं त्या नियमास अडाणीपणा म्हणूं नये. ज्या माणसानें सत्तर वर्षें एक व्रत पाळलें, त्याच्या व्रतास ७० उष्मांकांसाठीं हसणें शोभत नाहीं.

शिवाय अंड्यावांचून या पदार्थाचें कांहीं अडत नाहीं. अंड्याऐवजीं ५० ग्रॅम पनीर तव्यावर परतून, हळद-मिरपूड लावून घातल्यास सुमारें ९ ग्रॅम प्रथिनें मिळतात, म्हणजे अंड्याहून अधिकच. मात्र त्यांत स्निग्धांशही अधिक असतो, म्हणून गर थोडा कमी घ्यावा. मोड आलेले मूग वाफवून, लिंबू पिळून घातले तरी चव चांगली लागते. एकाच मेजावर एका काठावर अंड्याचा टोस्ट व दुसऱ्या काठावर मुगाचा, आणि मध्यें एकच वाडगा गराचा, अशी न्याहारी करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

कोणीं जपावें

रबराची अ‍ॅलर्जी असणारांस कधीं कधीं अ‍ॅव्होकाडो, केळें व किवी हीं फळेंही सोसत नाहींत. त्यांनीं हें फळ डॉक्टरांस विचारूनच खावें. मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांस पोटॅशियम वर्ज्य सांगितलें आहे, त्यांनींही तसेंच करावें, कारण या फळांत तें भरपूर असतें. गरोदर स्त्रिया, लहान मुलें व वृद्ध यांस मऊ बलकाचें अंडें देऊं नये. पुरतें घट्ट उकडलेलेंच द्यावें. पाळलेल्या पक्ष्यांस, शेळीस वा घोड्यास हें फळ, त्याची साल अथवा पानें घालूं नयेत. त्यांतील एक द्रव्य त्यांस विषासमान आहे.

राहतां राहिला खर्चाचा प्रश्न. परदेशांतून आलेल्या एका अ‍ॅव्होकाडोच्या किमतींत घरांतील सर्वांस पुरतील एवढीं केळीं येतात. त्या फळामागें आणखीही एक किंमत आहे. मेक्सिकोंतील मिचोआकान प्रांतांत बागांसाठीं जंगलें तुटलीं, आणि चिलींतील पेतोर्का भागांत बागांस पाणी जातें व गांवकऱ्यांस टँकरची वाट पाहावी लागते, अशी तक्रार वर्षानुवर्षें होत आली आहे. तेव्हां पावसाळ्यांत दक्षिणेकडील देशी फळें बाजारांत येतात त्या वेळीं हौसेनें हा टोस्ट करावा. इतर महिन्यांत शेंगदाण्याची कमी तिखट चटणी दह्यांत कालवून पावावर वा भाकरीवर पसरली, तरी स्निग्धांश, प्रथिनें व रुचि या तिन्ही गोष्टी साधतात, आणि त्यासाठीं वाण्याच्या दुकानापलीकडे जावें लागत नाहीं. या रविवारीं मुलांच्या हातीं कांटा व वाडगा देऊन पाहावें. गर कुसकरण्याचें काम तीं आनंदानें करितात, आणि स्वतः केलेलें ताटांत टाकीत नाहींत.